एकाच ऑर्डरवर दोघांचा हात: ॲक्सेसमधलं रेकॉर्ड लॉकिंग कसं सांभाळायचं?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | सोमवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा लहानसा कारखाना आहे. ऑर्डरी, सूत, गोदाम, बिलं असं सगळं ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एकाच फाइलीत आहे. सात वर्षांपूर्वी मीच ती बनवली, तेव्हा ती फक्त माझ्या टेबलावर चालायची. आता ऑफिसात चार कॉम्प्युटर, गोदामात एक आणि माझा लॅपटॉप अशा सहा ठिकाणांहून तीच फाइल सामायिक फोल्डरमधून उघडली जाते.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी हैदराबादच्या पार्टीने फोनवर ऑर्डर वाढवली. ऑफिसातल्या ताईंनी १२० डझनाचे १८० केले. नेमक्या त्याच वेळी गोदामातले दिवाणजी त्याच ऑर्डरवर ट्रान्सपोर्टचं नाव टाकत होते. सेव्ह करताना त्यांच्यासमोर इंग्रजी मजकुराची खिडकी आली, तीन बटणं होती, त्यांनी पहिलं दाबलं. माल गेला १२० डझन. पार्टीचा फोन आल्यावर ताई शपथेवर सांगत होत्या की आकडा बदलला होता, आणि स्क्रीनवर तर १२० दिसत होते. मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो. ते चुकलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय.

नंतर शोधाशोध करून फॉर्मच्या गुणधर्मांत ‘रेकॉर्ड लॉक्स’ला ‘एडिटेड रेकॉर्ड’ केलं, म्हणजे एकजण नोंद बदलत असताना दुसऱ्याला ती बदलता येत नाही. तर नवाच त्रास सुरू झाला. काही दिवस सगळं सुरळीत चालतं, आणि काही दिवस वेगवेगळ्या पार्ट्यांच्या ऑर्डरींवर काम करणाऱ्या दोघांनाही ‘करंटली लॉक्ड’ म्हणून अडवतं. एक दिवस असं, एक दिवस तसं. पुढे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे, आमच्या चादरींचा तो मोठा हंगाम. त्याआधी हे सुटायला हवं. कृपया मदत करा.

क्वेरीताई | सोमवार, दुपारी १२.०५

आधी त्या खिडकीचं सांगते, कारण सगळ्या ऑफिसांत हेच घडतं. ॲक्सेसचा फॉर्म मुळात ‘नो लॉक्स’वर असतो. म्हणजे रेकॉर्ड वाचताना किंवा त्यात टंकताना कुणालाच अडवलं जात नाही. सेव्ह करायच्या क्षणी ॲक्सेस पाहतं की तुम्ही उघडल्यापासून हे रेकॉर्ड दुसऱ्या कुणी बदललं का. बदललं असेल तर ‘राइट कॉन्फ्लिक्ट’ ही खिडकी येते. ‘सेव्ह रेकॉर्ड’ दाबलं की समोरच्याचा बदल पुसून तुमचा बसतो. ‘कॉपी टू क्लिपबोर्ड’ने तुमचा बदल बाजूला ठेवून समोरच्याचा पाहता येतो. ‘ड्रॉप चेंजेस’ने तुमचा बदल सोडून दिला जातो.

दिवाणजींच्या स्क्रीनवर जुने १२० होते. त्यांनी पहिलं बटण दाबताच ताईंचे १८० गेले. दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं होतं. जे बटण कामगाराच्या हाती द्यायचंच नव्हतं, ते आपण बनवणाऱ्यांनी दिलं. ताईंना हे जरूर सांगा.

आता तीन प्रश्न. फाइल विभागलेली आहे का, म्हणजे टेबलं (माहितीचे तक्ते) वेगळी आणि फॉर्म (ती भरायच्या खिडक्या) वेगळे? फाइल कोणत्या प्रकारची आहे? आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर फाइल, ऑप्शन्स, क्लायंट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे ‘रेकॉर्ड लेव्हल लॉकिंग’च्या चौकटीत खूण आहे का, ते बघून कळवाल?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | सोमवार, सायंकाळी ६.४०

ताई, आभार. फाइल डॉट एसीसीडीबी आहे. विभागलेली नाही, सगळे तीच एक उघडतात. खूण पाच ठिकाणी आहे, गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र नाही. एवढ्याने फरक पडतो?

क्वेरीताई | सोमवार, रात्री ९.१५

पडतो, आणि तुमचं ‘एक दिवस असं, एक दिवस तसं’ बहुतेक त्यातच आहे.

ॲक्सेसचं इंजिन माहिती पानांत, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांत साठवतं. ॲक्सेस ९७ पर्यंत पान २ केबीचं होतं आणि कुलूप लागायचं ते अख्ख्या पानाला. ॲक्सेस २००० सोबत जेट ४ हे नवं इंजिन आलं, पान ४ केबीचं झालं आणि एकेका रेकॉर्डला कुलूप लावायची सोयही आली. पण डेटाबेस एका वेळी एकाच पद्धतीने उघडा असू शकतो, आणि ती पद्धत ठरवतो फाइल सर्वांत आधी उघडणारा. त्याच्या कॉम्प्युटरवर खूण नसेल, तर मागून येणाऱ्या सगळ्यांना पानाचंच कुलूप मिळतं.

एका ऑर्डरची ओळ दीडशे बाइटची धरली तर ४०९६ बाइटच्या पानात पंचवीसेक ऑर्डरी बसतात. नव्या ऑर्डरी साधारण शेजारी शेजारी पडतात, आणि तुमच्याकडे दिवसभर काम चालतं तेही ताज्या ऑर्डरींवरच. म्हणून एकीने हैदराबादची ऑर्डर बदलायला घेतली की दुसरीची नागपूरची अडते. पार्ट्या वेगळ्या, पान एकच.

गोदाम आधी उघडतं का हो तुमचं?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | मंगळवार, सकाळी १०.२०

उघडतं. ट्रक लवकर लागतो त्या दिवशी दिवाणजी साडेआठलाच बसतात. बाकीच्या दिवशी ऑफिस आधी. ताई, दोन महिने मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो की कोणत्या वारी बिघडतं. वाराचा संबंधच नव्हता, ट्रकचा होता.

आज मुद्दाम ऑफिसातून आधी उघडून घेतलं. अजून तरी कुणी अडलेलं नाही.

क्वेरीताई | मंगळवार, सकाळी १०.५०

गोदामात खूण करून फाइल बंद करून पुन्हा उघडा. आणि ते माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. सुरुवातीच्या फॉर्ममध्ये ‘सेटऑप्शन’ने ‘यूज रो लेव्हल लॉकिंग’ चालू करायची एक ओळ घाला. ती पुढच्या वेळी उघडताना लागू होते.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. रेकॉर्डचं कुलूप फॉर्म, डेटाशीट आणि रेकॉर्डसेटमधून एकेक नोंद फिरणाऱ्या कोडला मिळतं. शेकडो ओळी एकदम बदलणाऱ्या ॲक्शन क्वेरीला ते मिळत नाही, तिथे पानाचंच कुलूप लागतं. भाववाढीची क्वेरी चालवायची तर ऑफिस सुटल्यावर चालवा. फार मोठी असेल तर ३०५२ ही चूक येऊ शकते, कारण एका फाइलवर कुलुपांची मूळ मर्यादा ९५०० आहे. ती ‘मॅक्सलॉक्सपरफाइल’ने वाढवता येते, पण मी तरी आधी क्वेरीचे तुकडे करीन.

होटगीरोड_केबल | मंगळवार, दुपारी १.३०

मी नेटवर्कची कामं करतो. लॅपटॉप वायफायवर आहे का? असेल तर आजच केबल लावा. बाकीचं नंतर बोलू.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | मंगळवार, दुपारी २.१०

वायफायवरच आहे. कारखान्यात फिरता फिरता स्टॉक बघतो मी.

होटगीरोड_केबल | मंगळवार, दुपारी ४.००

मग कारण सांगतो. ॲक्सेसमध्ये सर्व्हरवर बसून विचार करणारं कुणी नसतं. तिथे नुसती फाइल पडलेली असते, आणि सहाही कॉम्प्युटर आपापल्या इंजिनाने त्या फाइलीचे तुकडे वाचतात, लिहितात. एखादं पान अर्धवट लिहून झालंय आणि तुम्ही लूम शेडच्या पत्र्याआड गेलात, सिग्नल तुटला, तर उरलेलं अर्धं पूर्ण करणारं कुणीच नाही. फाइल बिघडते ती अशी. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हाही हेच. यूपीएस फक्त कॉम्प्युटरला लावून भागत नाही, स्विचलाही लावा. स्विच मेला की सगळ्यांची जोडणी एकदम तुटते.

फाइलीशेजारी त्याच नावाची डॉट एलएसीसीडीबी फाइल दिसेल, जुन्या एमडीबीला एलडीबी. पहिला माणूस आला की ती तयार होते, शेवटचा गेला की पुसली जाते. त्यात प्रत्येकासाठी ६४ बाइट असतात, ३२ कॉम्प्युटरच्या नावाचे आणि ३२ वापरणाऱ्याच्या नावाचे. नोटपॅडमध्ये उघडलीत तर नावं वाचता येतात. मात्र बाहेर पडलेल्याचं नावही तिथे राहू शकतं, म्हणून नाव दिसलं एवढ्यावरून कुणाला दोष देऊ नका. या फाइलीसाठी फोल्डरवर सगळ्यांना वाचणं, लिहिणं, नवी फाइल करणं आणि पुसणं या चारही परवानग्या हव्यात. कितीतरी ठिकाणी पुसण्याची परवानगी नसते आणि लोक भलतीकडे शोधत बसतात.

फाइल वनड्राइव्ह वा तत्सम सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. आणखी एक. २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०३ अपडेट आल्यावर सामायिक ॲक्सेस फाइली ‘इनकन्सिस्टंट स्टेट’ असा संदेश देऊन अडू लागल्या होत्या. फाइल ठेवलेल्या मशीनवर एसएमबीचं (विंडोजच्या फाइल सामायिक करण्याच्या पद्धतीचं) ‘लीजिंग’ बंद करणं हा त्यावरचा उपाय होता. तसा संदेश दिसला तर तिथे बघा.

फॉक्सप्रो_काका | मंगळवार, रात्री ८.३०

धागा सकाळपासून वाचतोय. मी पंचवीस वर्षं व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहिले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या वेळी ‘रिप्लेस’सारख्या कमांडला तेवढ्यापुरतं कुलूप आपोआप लागे, पण वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतचं कुलूप आपणच लावावं लागे. ‘आरलॉक’ लिहिलं तर रेकॉर्डला, ‘एफलॉक’ लिहिलं तर अख्ख्या फाइलीला, आणि काहीच लिहिलं नाही तर जे व्हायचं ते व्हायचं. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागे की कुलूप कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं. माझा एक नियम होता, तो मी हाताखालच्या मुलांकडून पाठ करून घ्यायचो. कुलूप घ्या, रेकॉर्ड पुन्हा ताजं वाचा, बदला, लिहा, सोडा. आणि या पाच पायऱ्यांच्या मध्ये माणसाने की-बोर्डवर बोट ठेवेपर्यंत वाट बघायची नाही.

तुमचा ‘एडिटेड रेकॉर्ड’ नेमका इथे मोडतो. ताईंनी आकड्यात एक अक्षर टाकलं की कुलूप लागलं. तेवढ्यात फोन वाजला, पार्टीशी दहा मिनिटं बोलणं झालं, मग चहा आला. तोवर गोदाम थांबलेलं, ट्रक थांबलेला, हमाल थांबलेले. कुलूप मशीनने लावलं खरं, पण किती वेळ लावायचं हे फोनवर ठरलं.

तरीही माझं मत असं की पैशाच्या आणि मालाच्या आकड्याला कुलूप हवंच. फक्त ते क्षणाचं हवं.

क्वेरीताई | मंगळवार, रात्री १०.००

काका, नियमाशी पूर्ण सहमत, निष्कर्षाशी थोडी असहमत. टेबलाला थेट बांधलेल्या फॉर्ममध्ये क्षणाचं कुलूप म्हणजेच ‘नो लॉक्स’. नाव फसवं आहे. त्यातही कुलूप असतं, फक्त सेव्हच्या निमिषापुरतं. म्हणून मी ऑर्डरच्या फॉर्मला परत ‘नो लॉक्स’ करीन आणि ती तीन बटणांची खिडकी काढून टाकीन. फॉर्मच्या ‘एरर’ इव्हेंटमध्ये ७७८७ हा क्रमांक पकडायचा, मराठीत संदेश द्यायचा की ‘ही ऑर्डर आत्ताच दुसऱ्याने बदलली आहे, नवी माहिती बघून पुन्हा भरा’, आणि अनडू करून ताजी नोंद समोर ठेवायची. चुकून पुसण्यापेक्षा पुन्हा दोन शब्द टंकणं परवडतं.

ज्यांना ‘एडिटेड रेकॉर्ड’च ठेवायचं आहे त्यांनी डावीकडची रेकॉर्डची पट्टी लपवू नये. बदलणाऱ्याला तिथे पेन्सिल दिसते, इतरांना मनाईचं चिन्ह. पट्टीच नसेल तर माणसाला नुसतं अडल्यासारखं वाटतं.

फॉक्सप्रो_काका | बुधवार, सकाळी ७.४५

ताई, ऑर्डरच्या फॉर्मपुरतं मान्य. टंकायचा वेळ माणसाचा असतो, तिथे आधी कुलूप लावून बसणं बरोबर नाही, हे तुमचं खरं. पण गोदामाच्या शिलकेचं काय?

टॉवेलवाले, तुम्ही शिल्लक कशी लिहिता? टेबलात ‘शिल्लक’ असा एक रकाना आहे आणि माल गेला की त्यातून वजा करता, असंच ना?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | बुधवार, सकाळी १०.१०

असंच आहे, काका. कोड आधी शिल्लक वाचतो, वजा करतो, परत लिहितो. आणि महिनाअखेरीस मोजदाद कधीच जुळत नाही. मला वाटायचं माल चोरीला जातोय.

फॉक्सप्रो_काका | बुधवार, रात्री ९.००

चोरीचा संशय मनातून काढा. समजा शिल्लक ४०० डझन. ऑफिसाने वाचली ४००, गोदामानेही वाचली ४००. ऑफिसाने १०० वजा करून ३०० लिहिली. गोदामाने ६० वजा करून ३४० लिहिली. माल गेला १६०, वहीत गेले ६०. दोन्ही लिहिणी बरोबर, शिल्लक चूक. आणि कोड ताजी शिल्लक वाचून लगेच लिहीत असल्याने राइट कॉन्फ्लिक्टची खिडकीसुद्धा येत नाही, मुकाट्याने चुकतं.

पहिला उपाय लहान आहे. वाचून लिहू नका. ‘शिल्लक बरोबर शिल्लक वजा १००’ असं एकाच अपडेट क्वेरीत सांगा, ‘डीबीफेलऑनएरर’ लावून, म्हणजे चूक आली तर ती मुकाट्याने गिळली जात नाही. वाचणं आणि लिहिणं इंजिन एकाच कुलपात करतं. मध्ये कुणी शिरू शकत नाही.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. तुमच्या आजोबांची चोपडी आठवा. खतावणीत कुणी शिल्लक खोडून नवी लिहीत होतं का? जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला, आणि शिल्लक काढायची ती बेरीज मारून. पेढीवर दोन मुनीम असले तरी भांडण नसे, कारण प्रत्येकजण आपली नवी ओळ लिहायचा. टेबलही तसंच करा. माल आला, एक ओळ. माल गेला, एक ओळ. कुणी, कधी, कोणत्या ऑर्डरवर, तेही त्याच ओळीत. शिल्लक क्वेरीतून काढा. तुमच्या आकाराच्या धंद्यात वर्षाच्या ओळींची बेरीज ॲक्सेसला जड नाही, फक्त मालाच्या कोडवर इंडेक्स ठेवा. एकाच ओळीवर दोघांनी हात घालायची वेळच येणार नाही, मग कुलपाचा प्रश्न येतोच कुठे?

क्वेरीताई | बुधवार, रात्री ९.४०

काका, हे फार चांगलं मांडलंत. आणि हाच विचार त्या हैदराबादच्या ऑर्डरलाही लावा. डझनाचा आकडा ऑफिसाचा, ट्रान्सपोर्टचं नाव गोदामाचं. मग दोन्ही एका रेकॉर्डमध्ये का? पाठवणीचं टेबल वेगळं करा, ऑर्डर क्रमांकाने जोडा. ऑफिस ऑर्डर लिहील आणि पाठवणी फक्त वाचेल, गोदाम पाठवणी लिहील आणि ऑर्डर फक्त वाचेल. एका ऑर्डरचा माल दोन ट्रकांतून गेला तरी सोय होते.

नवीपेठ_हिशोब | गुरुवार, दुपारी १२.३०

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. बिल नंबरही असाच ‘सगळ्यांत मोठा अधिक एक’ने काढता का? तसं असेल तर दोन बिलांना एकच नंबर पडू शकतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नंबर सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत हवा. ऑटोनंबर (ॲक्सेस आपोआप देतं तो क्रमांक) वापरून पळवाट काढू नका. अर्धवट सोडलेल्या बिलाचा नंबर त्यात वाया जातो आणि मालिकेत भोक पडतं.

क्वेरीताई | गुरुवार, दुपारी १.०५

बरोबर. नंबर फॉर्म उघडताना काढायचा नाही, ‘बिफोर अपडेट’मध्ये, सेव्हच्या अगदी तोंडाशी काढायचा. बिल नंबरच्या रकान्यावर युनिक इंडेक्स ठेवायचा, म्हणजे एकच नंबर दोनदा बसत नाही. तरीही दोघे एकाच क्षणी आले तर दुसऱ्याला ३०२२ ही चूक येते, ती पकडून पुढचा नंबर घेऊन पुन्हा सेव्ह करायचं. बिलं खूप असतील तर एका ओळीचं नंबरचं टेबल करून ते ‘डीबीडिनायराइट’ आणि ‘डीबीडिनायरीड’ लावून, म्हणजे तोवर इतरांना लिहू-वाचू न देता उघडायचं, नंबर घ्यायचा, एक वाढवायचा, लगेच बंद करायचं. काकांच्या पाच पायऱ्या त्याच.

जुळे_लॅब | गुरुवार, सायंकाळी ७.२०

जुळे सोलापुरात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, तीच अडचण. थेट एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसवर) गेलो तर हे सगळं आपोआप सुटेल का?

क्वेरीताई | गुरुवार, रात्री ८.५०

फाइल बिघडण्याचा प्रश्न बहुतांशी सुटेल, कारण तिथे लिहिणारा एकच असतो, सर्व्हर. शिलकेचा प्रश्न सुटणार नाही. वाचून वजा करणारा कोड तिथेही तसाच चुकेल. आणि ॲक्सेसचे फॉर्म जोडून वापरणार असाल तर प्रत्येक टेबलात ‘रोव्हर्जन’चा रकाना (नोंद बदलली की आपोआप बदलणारा क्रमांक) ठेवा. तो नसेल तर ॲक्सेस जुनी-नवी किंमत रकाना रकाना ताडून पाहतं, आणि दशांशाच्या आकड्यांत किंवा रिकाम्या हो-नाहीच्या रकान्यात कुणी काहीच बदललेलं नसताना राइट कॉन्फ्लिक्ट दाखवतं.

होटगीरोड_केबल | शुक्रवार, सकाळी ९.३०

विभागणीचं राहूनच गेलं. ‘डेटाबेस टूल्स’मधून टेबलं वेगळ्या फाइलीत काढा, ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. फॉर्मची फाइल मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्कवर हवी, सगळ्यांना एकच सामायिक नको. विभागल्यावर हळू वाटलं तर सुरुवातीलाच एक लपलेला फॉर्म टेबलाला जोडून दिवसभर उघडा ठेवा, म्हणजे ती कुलपाची फाइल सारखी बनणं-पुसणं थांबतं. आणि हे सगळं करण्याआधी फाइलीची प्रत काढून ठेवा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.५०

मंडळी, उशिरा लिहितोय, यात्रेच्या गर्दीत वेळच झाला नाही.

फाइल विभागली. सहाही ठिकाणी फॉर्मची आपापली प्रत आहे, आणि रेकॉर्ड लॉकिंगची खूण कोडमधूनच होते. लॅपटॉपला केबल लावली. कारखान्यात फिरताना आता कागदावर लिहून घेतो आणि टेबलावर येऊन भरतो. पाठवणीचं टेबल वेगळं केलं. यात्रेच्या आठवड्यात दिवाणजी रोज सगळ्यांच्या आधी उघडत होते, आणि ‘लॉक्ड’ एकदाही आलं नाही. मराठी संदेश तीनदा दिसला. तिन्ही वेळा समोरच्याने पुन्हा बघून भरलं.

जमा-नाव्याचं टेबल केलं त्या दिवशी रात्री गोदाम पूर्ण मोजलं आणि तीच आरंभीची शिल्लक घातली. काल पुन्हा मोजलं. चादरी जुळल्या. टॉवेलांत दोन डझनांचा फरक निघाला, पण ओळीत नाव-वेळ असल्याने दहा मिनिटांत सापडला, परत आलेला माल जमा करायचा राहिला होता.

ताईंना दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक त्यांची नव्हती, आणि माफी मागितली. मराठी संदेशाचे शब्द त्यांनीच लिहून दिले. बिल नंबरचं काम अजून बाकी आहे, एक एप्रिलला नवी मालिका सुरू होईल तेव्हा ते बसवणार आहे. सुताचं खातंही अजून जुन्या शिलकेवरच चालतंय. काका, कोनाची पोती आणि वजन दोन्ही ठेवावं लागतं, त्यासाठी एका ओळीत दोन रकाने करू की दोन ओळी?

फॉक्सप्रो_काका | रविवार, रात्री १०.३०

एकच ओळ, दोन रकाने. पोती आणि किलो एकाच क्षणी हलतात, त्यांना वेगळं केलंत तर एक लिहिली जाईल आणि दुसरी राहील. वजन काट्यावरचं लिहा, पोत्यांना गुणून काढलेलं नको.